‘तुम्ही करा की केस, आम्ही हाय पाठीशी’ म्हणणाऱ्या आमच्या ट्रिपवाल्यांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चंदगडच्या माझ्या ट्रिपवाल्या मंडळींनो,

नमस्कार. खरं तर ग्रुपवरच लिहिणार होतो, पण ग्रुपचा अ‍ॅडमिन कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहेच, तिथं मी काय टाकलं की पाच मिनिटात गुड मॉर्निंगचे चार फोटो पडतात आणि माझं वर सरकून जातं, म्हणून हे असं उघड्यावर लिहायलोय. नाव कुणाचंच घालत नाही, लिफ्टवाल्या कंपनीचं नाही, टूरवाल्याचं नाही, त्या जागेचं पण नाही, वकीलबाईंनी तसं बजावलंय. ज्याचं त्याला कळेल.

येत्या १८ फेब्रुवारीला आपण हिमाचलच्या ट्रिपमध्ये त्या चेअरलिफ्टवरनं (तारेला लटकत डोंगरावर जाणाऱ्या खुर्च्यांवरनं) पडलो त्याला दोन वर्षं पुरी होतात. २०१९ च्या ग्राहक कायद्यात कलम ६९ आहे, घटना झाल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करायची. उशीर झाला तर कारण सांगून माफी मागता येते म्हणे, पण ‘दिवाळी होती, मग लग्नसराई होती’ हे कारण कोर्टात चालत नाही. लिफ्टवर आपले २३ जण होते. तक्रारीवर सही केलेले आजपर्यंत ९. राहिलेल्या १४ जणांना हे पत्र आहे, बाकीच्यांनी नुसतं वाचलं तरी चालेल.

तुम्ही विसरला असाल असं नाही, पण प्रत्येकाच्या तोंडून आता वेगवेगळं ऐकायला मिळतंय (कोण म्हणतंय पाच मिनिटं लटकलो, कोण म्हणतंय अर्धा तास) म्हणून मला आठवतं ते एकदा लिहून ठेवतो. मला आवाज आठवत नाही, आवाज बंद झालेला आठवतो. खाली मोटरची घरघर चालू होती ती एकदम थांबली, लाईट गेली म्हणून, आणि त्या बर्फात इतकं शांत झालं की मागच्या खुर्चीतले काका ‘आता काय करायचं’ म्हणून पुटपुटले ते मला स्पष्ट ऐकू आलं. माझ्या शेजारी वडगावच्या अक्का. भाड्याच्या कोटाच्या बाह्या त्यांना इतक्या लांब की हात दिसतच नव्हते, आणि मांडीवर कुंद्याचा डबा, वर गेल्यावर पोरांना वाटणार होत्या. दोन-तीन मिनिटं तसंच लटकलो. मग खुर्ची हलली, अक्का म्हणाल्या पण, ‘झाली बगा सुरू.’ समोरचा खांब जवळ यायचा सोडून लांब जायला लागला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आपण मागं चाललोय. आधी हळू, मग सायकल उतारावर सोडल्यासारखं, आणि खाली चाकापाशी खुर्च्या एकमेकींवर आदळायला लागल्या तो आवाज मात्र अजून झोपेत येतोय. अक्कांना मी ढकललं की त्यांनी आपणहून उडी मारली यावरनं आमचा आजपण वाद आहे. मी पडलो तो उजव्या हातावर. मनगटात प्लेट आहे, थंडीत दुखते, आणि माझं सगळं पोट झेरॉक्सच्या मशीनवर आणि टायपिंगवर.

त्या संध्याकाळी दवाखान्यात कोण कोण आलं आठवतंय? लिफ्टवाल्यांपैकी कोण नाही. कोटवाला आला. ११४ नंबरचा कोट माझा, बाही डॉक्टरांनी कात्रीनं कापली होती, तर त्यानं ५०० रुपये डिपॉझिट तिथंच कापून घेतलं, पावती दिली नाही. या सगळ्या प्रकरणात आजपर्यंत ज्याला नुकसानभरपाई मिळाली असा माणूस एकच, तो कोटवाला.

बरं, आता मुद्द्याचं. तुमच्यातले निम्मे जण मला भेटलं की म्हणतात, ‘तुम्ही करा की हो, आम्ही हाय पाठीशी, निकाल लागला की सगळ्यांनाच मिळंल की.’ इथंच घोळ आहे. आपल्या डोक्यात ते टीव्हीवरचं अमेरिकेचं क्लास अ‍ॅक्शन बसलंय, दोन-तीन जण कोर्टात जातात आणि चेक मात्र हजारोंच्या घरी येतात. तिकडं खरंच तसं असतंय, सगळे आपोआप आत, ज्याला नको त्यानं बाहेर पडायचं. आपल्याकडं पण त्याच्या जवळचं एक दार आहे, त्याच २०१९ च्या कायद्यात कलम ३५ मध्ये, एकानं किंवा काही जणांनी सगळ्यांच्या वतीनं तक्रार करायची. पण त्याला ग्राहक आयोगाची परवानगी लागते, जाहीर नोटीस काढावी लागते, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे हे दाखवावं लागतं. बेंगळुरूच्या एका मोठ्या अपार्टमेंटच्या केसमध्ये काही फ्लॅटवाल्यांनी सगळ्यांच्या वतीनं म्हणून तक्रार केली होती, डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सगळ्यांचं एकच आहे हे तुम्ही दाखवलेलं नाही, पण तुमच्या तुमच्यापुरती एकत्र तक्रार म्हणून चालवा, त्याला हरकत नाही.

आता आपलं बघा. माझं मनगट, खानापूरच्या सरांचा मणका, निपाणीच्या वैनींचा गुडघा, आणि त्या दोन पोरांना खरचटलंसुद्धा नाही पण धाकटं अजून जत्रेतल्या पाळण्यात बसत नाही. एकच दुखणं आहे म्हणून कसं सांगणार? लिफ्ट एक, चूक एक, पण नुकसान प्रत्येकाचं वेगळं. वकीलबाई म्हणाल्या परवानगीच्या भांडणातच एखादं वर्ष जाईल, त्यापेक्षा नावं घालून एकत्र तक्रार करूया, प्रत्येकाच्या नावापुढं त्याचा त्याचा हिशोब. म्हणजे अर्थ काय झाला? ज्याचं नाव आत, त्याचंच. पाठीशी उभा राहिलेल्याला पाठच बघायला मिळणार.

हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा डाव्या हातानं मोबाईलवर बरंच वाचलं, त्यातलं एक सांगतो. ऑस्ट्रियात काप्रून म्हणून गाव आहे, ११ नोव्हेंबर २००० ला तिथं स्कीइंगला वर जाणाऱ्या लोकांच्या डोंगरातल्या गाडीला बोगद्यात आग लागली, १५५ माणसं गेली. गेलेल्यांच्या अमेरिकेतल्या नातेवाईकांनी अमेरिकेतच क्लास अ‍ॅक्शन टाकली, खालच्या कोर्टानं ‘जे नाव देतील तेच आत’ असा क्लास म्हणजे गट मंजूर केला आणि २००४ मध्ये वरच्या कोर्टानं तो उडवला, त्यांच्या नियमात असा प्रकारच बसत नाही म्हणून. त्याच वर्षी ऑस्ट्रियात फौजदारी खटल्यातले सगळे १६ आरोपी सुटले. शेवटी २००८ मध्ये तडजोड होऊन १ कोटी ३९ लाख युरो वाटले गेले. आठ वर्षं. तिथली कोर्टं, तिथले वकील, तिथला पैसा असून आठ वर्षं. आपल्याकडं दिल्लीच्या उपहार थिएटरची आग १३ जून १९९७ ची, ५९ माणसं गेली, मुलं गमावलेल्या आईवडिलांनी संघटना काढून लढा दिला, २००३ मध्ये हायकोर्टानं मोठ्यांसाठी १८ लाख आणि लहानांसाठी १५ लाख ठरवले, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते १० लाख आणि साडेसात लाखांवर आणले. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. एकट्यादुकट्यानं हे ओढता येत नाही एवढंच, त्या आईवडिलांना पण एकेकट्यानं जमलं नसतं.

दुसरं, ते लिफ्टवाल्या कंपनीचे फोन. हिंदीत गोड बोलणारा तो माणूस सगळ्यांना फोन करतोय हे मला कळलंय. १५ हजार घ्या आणि ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे यापुढं काही मागणार नाही या कागदावर, सही करा. दोघांनी घेतले. मी त्यांना नावं ठेवत नाही, एकाच्या घरात पोरीची फी भरायची होती आणि कापड विणायच्या मागावर बसता येत नव्हतं, माग बंद म्हणजे आठवड्याचा पगार बंद, हे वडगाव-शहापुरात कुणाला सांगायला नको. पण बाकीच्यांनी विचार करा, कंपनीची चूक नसती तर एवढ्या लांबनं बेळगावला फोन कशाला केला असता? आणि प्रत्येकाला वेगळा, कुणाला १० कुणाला २०, आणि ‘दुसऱ्याला सांगू नका’ ही अट वर. फसवून किंवा दबाव टाकून सही घेतली हे दाखवता आलं तर नुसत्या त्या सहीनं हक्क बुडत नाही, १९९९ मध्ये एका इन्शुरन्सच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं असं म्हटलंय. पण ते दाखवत कोण बसणार? ज्या दोघांनी सही केलीय त्यांनी तो कागद तेवढा घेऊन या, वकीलबाई बघतील. ज्यांनी केली नाही त्यांनी फोन आला तर फक्त एवढंच म्हणायचं, लेखी पाठवा. मी म्हटलं तसं, परत फोन आला नाही.

आता अवघड विषय. टूरवाला. तो आपल्यातलाच, कुणाचा भाचा, कुणाचा मित्र, माझ्या दुकानात त्याचे बॅनर छापलेले आहेत. गोवा एक्सप्रेसमध्ये रात्रभर जागून त्यानं म्हाताऱ्यांना खालचे बर्थ मिळवून दिले, लिफ्ट पडल्यावर पहिल्यांदा बर्फात धावत आला तो पण तोच. म्हणून तुमच्यातले चौघेजण म्हणतात त्याचं नाव तक्रारीत घालणार असाल तर आम्ही नाही. मला पण वाईट वाटतं हो. आमची आई त्याच्या आईबरोबर भिशीला बसते, घरात मला दोन दिवस कोण धड बोललं नाही. पण माणशी २०० रुपये इन्शुरन्सचे म्हणून त्यानं घेतले होते, आठवतंय का, गाडी सुटायच्या आधी वहीत टिक करत. ती पॉलिसी कुठं आहे एवढंच मी दोन वर्षं विचारतोय. काढली असेल तर आपला फायदा, त्याचा पण फायदा, दाखव की मग. नसेल काढली तर २३ जणांचे पैसे गेले कुठं? लिफ्टचा ब्रेक त्यानं बिघडवला असं कोण म्हणत नाही. तक्रारीत तो तिसरा विरुद्ध पक्ष आहे, पहिला नाही, आणि वकीलबाई म्हणाल्या की त्याला पार्टी केलं नाही तर कंपनीच म्हणणार की जबाबदारी टूरवाल्याची, आणि तो समोर नसणार उत्तर द्यायला. त्याला मी हे तोंडावर सांगितलंय. तो म्हणाला, ‘तुला काय करायचं ते कर.’ केलं.

आणि एक, पैसे त्यानं इथं बेळगावात घेतले, आपण राहतो इथं. नव्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, हिमाचलला हेलपाटे नाहीत. मुख्य तक्रारदार बेळगावचे ठेवलेत, त्यामुळं चंदगडच्या मामांनी ‘आम्ही महाराष्ट्रातले, आमचं तिकडं कसं चालंल’ याची काळजी सोडावी. आयोगाच्या फीचं पण ऐकून घ्या. आपण तिकिटाला आणि टूरला मोजलेली रक्कम बघून फी ठरते, मागितलेली भरपाई बघून नाही, आणि ५ लाखापर्यंत फीच नाही. वकीलबाईंनी सुरुवातीला नुसता खर्च घेतलाय, आम्ही ९ जणांनी वाटून दिला, तुम्ही आलात तर आम्हाला थोडे परत मिळतील हा माझा स्वार्थ मी लपवत नाही.

कागदांचं सांगतो, हा माझा धंदाच आहे. लिफ्टचं तिकीट थर्मल पेपरचं आहे, पेट्रोल पंपाच्या पावतीसारखं. ते आपोआप पुसत जातं. पाकिटात, देव्हाऱ्यात, फ्रीजवर, कुठंही ठेवलं तरी पुसतं. आजच्या आज मोबाईलवर फोटो काढा आणि साधी झेरॉक्स काढा. लॅमिनेशन करू नका! आपल्यातल्या एका काकांनी जपून ठेवायचं म्हणून आधीच दुसऱ्या दुकानात लॅमिनेशन केलं, मशीनच्या गरमीनं ते तिकीट पाटीसारखं काळंभोर झालं, आता ते बघून फक्त एवढं कळतं की काहीतरी होतं. बिचारे माझ्याकडं घेऊन आले, उलटं पांढरं करून मिळंल का म्हणून.

तिकिटाच्या मागं बारीक अक्षरात ‘अपघाताची जबाबदारी आमची नाही’ छापलंय, तेवढं वाचून दोघंजण गप्प बसलेत. अहो, असं छापून जबाबदारी संपत असती तर सगळ्यांनीच छापलं नसतं का? एकतर्फी अन्यायाच्या अटींबद्दल त्याच ग्राहक कायद्यात लिहिलंय.

एक्स-रेची फिल्म, डिस्चार्ज कार्ड, इथं आल्यावरची फिजिओची बिलं, औषधाच्या चिठ्ठ्या, सगळं आणा, फाटकं असलं तरी. मागावर, शिलाईला, बिगारीला जाणाऱ्यांकडं पगाराची स्लिप नसते, मालकाच्या वहीत उचल लिहिलेली असते, त्या पानांची झेरॉक्स आणि मालकाचं एक पत्र चालतं. मणक्याचं आणि गुडघ्याचं ज्यांचं आहे त्यांनी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटसाठी आत्ता अर्ज करा, त्याला वेळ लागतो.

आणि तो व्हिडिओ. सकाळपासून लिफ्ट तीनदा थांबली होती आणि खालच्या केबिनमधला माणूस पॅनलवर हातानं थापा मारत होता, हे तुमच्यातल्या कुणीतरी शूट केलंय, मी ग्रुपवर बघितलंय. ग्रुपवरची कॉपी नको, ज्या मोबाईलवर काढला त्यातली मूळ फाईल पाहिजे, तो मोबाईल विकू नका, फॉरमॅट करू नका, पोरांच्या हातात देऊ नका. नव्या पुरावा कायद्यात अशा व्हिडिओला कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं ते मी टाईप करून देतो. एवढं का मागं लागलोय ते सांगतो. इटलीत मोत्तारोनेला २३ मे २०२१ ला रोपवेची केबिन पडून १४ माणसं गेली, तिथं इमर्जन्सी ब्रेक सारखा लागून गाडी अडत होती म्हणून तो मुद्दाम अडकवून ठेवला होता. जॉर्जिया देशात गुदौरीला १६ मार्च २०१८ ला चेअरलिफ्ट अशीच उलटी धावली होती, त्याचा व्हिडिओ जगानं बघितला, बघा पाहिजे तर, मी अर्ध्यात बंद केला. लाईट जाणं हा अपघात नाही. लाईट जाणारच, डोंगरात तर जाणारच. लाईट गेली तर खुर्च्या मागं घसरू नयेत म्हणूनच लिफ्टला ब्रेक असतात, एक नाही, दोन-तीन तऱ्हेचे. ते का लागले नाहीत, हाच आपला सगळा प्रश्न आहे. हिमाचलात १९६८ पासून रोपवेचा वेगळा कायदा आहे, त्या लिफ्टची तपासणी कधी झाली, कुणी केली, हे मी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात मागितलंय. उत्तर आलं की दाखवीन.

भाषेची पण कुणाकुणाला धास्ती आहे. तक्रार इंग्लिशमध्ये आहे, आयोगाची नोटीस कन्नडमध्ये येईल, कन्नड नोटीस बघून घरातली माणसं घाबरतात हे मला दुकानात रोज दिसतं. प्रत्येक पान सहीच्या आधी मराठीत वाचून दाखवणार, जे कळलं नाही त्यावर सही नाही. आणि तारखांचं विचाराल तर कायद्यात तीन महिन्यात निकाल लावायचा प्रयत्न करा असं लिहिलंय, ते वाचून वकीलबाई पण हसल्या, मी पण हसलो. सीमाभागातल्या माणसाला तारीख काय असते ते शिकवायला नको, आपल्या सगळ्यांची मिळून सीमेची एक केस २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहेच की, त्यात अजून एक. आयोगात मध्यस्थी करून मिटवायची पण सोय आहे, कंपनी कदाचित तिथं बसेल. पण ९ जणांशी बसून बोलताना आणि २३ जणांशी बसून बोलताना समोरच्याचं तोंड वेगळं असतंय.

पुढच्या रविवारी सकाळी दहा ते दोन दुकान उघडं ठेवतोय, कोर्ट बंद असतं, गर्दी नसते, वकीलबाई स्वतः येणार आहेत. ओरिजिनल कागद आणा, झेरॉक्सचे पैसे घेणार नाही, चहा बाजूच्या गाड्यावरचा. ज्यांना गुडघ्यामुळं जिना नको त्यांनी फोन करा, खाली येतो.

वडगावच्या अक्का, तुम्ही सारखं म्हणता ना माझं तिकीट हरवलं, आता मी कुठल्या तोंडानं येऊ. रांगेत डबा धरायला हात पाहिजे म्हणून तुमचं तिकीट तुम्ही माझ्याकडं दिलं होतं. परवा त्या ट्रिपच्या बॅगेत, कानटोपीच्या आत घडी घातलेलं सापडलं. तारीख पुसट झालीय, पण आकडा वाचता येतोय. झेरॉक्स काढून ठेवलीय.

तुमचा,
झेरॉक्सवाला, कोट नंबर ११४